लाल बाजू, काळी बाजू : न्यूबेरी पदकाची शंभर वर्षे



१७४४ साली लंडनमध्ये मुलांसाठी एक चिमुकले पुस्तक विक्रीला आले. ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’ हे त्याचे नाव. नुसते पुस्तक सहा पेन्सला मिळे. आणखी दोन पेन्स मोजले, तर मुलग्यासाठी सोबत चेंडू मिळे आणि मुलीसाठी टाचण्या खोचायची छोटीशी उशी. चेंडू असो वा उशी, एक बाजू लाल आणि दुसरी काळी. मुलाच्या हातून चांगले काम घडले की लाल बाजूला एक टाचणी खोचायची, वाईट घडले की काळ्या बाजूला. दहाही टाचण्या लाल बाजूला जमल्या की एक पेनी बक्षीस. दहाही काळ्या बाजूला गेल्या की छडी.

हे पुस्तक काढणारा दुकानदार म्हणजे जॉन न्यूबेरी. १७१३ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस लंडनला येऊन सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात दुकान थाटून बसला. तो पुस्तके विकी आणि तापावरची एक पूडही विकी. १७६५ साली त्याने ‘गुडी टू-शूज’ नावाची गोष्ट छापली. तिच्यातल्या अनाथ मुलीचे वडील तापाने दगावतात, आणि दगावतात ते नेमके ही पूड मिळत नसलेल्या ठिकाणी. धंद्यात मुरलेला माणूस. पण मुलांना आनंद वाटावा म्हणून पुस्तक काढायचे आणि तेच आपला कायमचा व्यवसाय करायचा, ही गोष्ट इंग्लंडमध्ये त्याच्याइतकी नेटाने आधी कोणी केली नव्हती. त्याच्याआधी मुलांच्या हाती पडत ती प्रार्थनेची पाने, अक्षरओळख आणि नरकाची भीती. न्यूबेरीने तिथे चेंडू आणला. तरीही चेंडूवर टाचण्या खोचायच्याच होत्या. मुलाचे पुस्तक मुलाला रमवण्यासाठी, की त्याच्या वागण्याचा हिशेब ठेवण्यासाठी? हा प्रश्न तेव्हापासूनचा. मुलांच्या साहित्याला बक्षीस द्यायला मोठी माणसे बसतात, तेव्हा तो प्रत्येक वेळी त्यांच्यासमोर येऊन उभा राहतो.

न्यूबेरीच्या नावाने पदक निघाले ते इंग्लंडमध्ये नव्हे, अमेरिकेत, आणि त्याच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी. १९२१ च्या जूनमध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या अधिवेशनात फ्रेडरिक मेल्चर यांनी ही कल्पना मांडली. मेल्चर पुस्तक-व्यवसायातले, ‘पब्लिशर्स वीकली’ या नियतकालिकाचे संपादक. दर वर्षी अमेरिकेत निघालेल्या मुलांच्या पुस्तकांपैकी सर्वांत मोलाच्या पुस्तकाच्या लेखकाला कांस्यपदक द्यावे, असे त्यांनी सुचवले. रेने पॉल शाम्बेलां या शिल्पकाराने पदक घडवले. १९२२ पासून ते दर वर्षी दिले जात आहे. केवळ मुलांच्या साहित्यासाठी दिले जाणारे जगातले हे पहिले पदक मानले जाते. ब्रिटनचे कार्नेगी पदक त्यानंतर १९३६ साली आले आणि हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कार १९५६ साली.

मेल्चर यांनी हा निर्णय कोणाच्या हाती सोपवला? लेखकांच्या संस्थेकडे नाही. प्रकाशकांच्या संघाकडे नाही. विद्यापीठाकडेही नाही. त्यांनी तो सोपवला ग्रंथालयांतल्या बालविभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालांकडे. ही निवड साधी दिसते, पण पुढच्या शंभर वर्षांचे बरेवाईट सगळे तिच्यातून निघाले आहे.

त्या काळी या ग्रंथपाल बहुतेक सगळ्या स्त्रियाच होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांना आत यायची मुभाच नव्हती. मुले गडबड करतात, पाने मळवतात, पुस्तके फाडतात. दार बंद ठेवायला एवढे कारण पुरत असे. ते दार उघडणाऱ्यांमध्ये ॲन कॅरल मूर यांचे नाव पहिल्यांदा घ्यावे लागते. ब्रुकलिनमधल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली चालवून त्या १९०६ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आल्या, आणि १९११ साली तिथल्या नव्या मध्यवर्ती इमारतीत मुलांचा स्वतंत्र कक्ष उघडला. मुलांच्या उंचीची मेजे, हाताला येतील अशी कपाटे, गोष्टी सांगण्याची ठरलेली वेळ, परदेशांतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी त्यांच्या त्यांच्या भाषांतली पुस्तके. सभासद होताना मुलाने मोठ्या वहीत स्वतःच्या हाताने नाव लिहायचे आणि पुस्तकाची काळजी घेण्याचे वचन द्यायचे. जामीन म्हणून वडिलांची सही नव्हे, मुलाचे स्वतःचे नाव.

म्हणजे पदक ठरवणारी ही माणसे रोज मुलाच्या हातात पुस्तक ठेवणारी होती. कोणते पुस्तक दुसऱ्याच दिवशी न वाचता परत येते आणि कोणत्या पुस्तकाची पाने कोपऱ्यांवर झिजून जातात, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. टीकाकाराला हे दिसत नाही. लेखकाला तर नाहीच. न्यूबेरी पदकाच्या यादीत जे चांगले आहे त्याचे मूळ इथे आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या वर्षी ग्रंथपालांनी सरळ मतदान केले. २१२ मते पडली आणि त्यांतली १६३ एकट्या हेन्ड्रिक विलेम व्हॅन लून यांच्या ‘द स्टोरी ऑफ मॅनकाइंड’ला मिळाली. हा तर मानवजातीचा इतिहास, कथा-कादंबरी नव्हेच. ते साहजिक होते, कारण पुस्तक ललितच असावे अशी अट पदकाच्या नियमांत पहिल्यापासून नाही. पुढे मात्र पदकाची वाट मुख्यतः कथेकडे वळली. दुसऱ्याच वर्षी ते ह्यू लॉफ्टिंग यांच्या डॉक्टर डूलिटलच्या सफरींना मिळाले. मताधिक्याची पद्धतही लवकरच मागे पडली आणि निवड समितीकडे गेली.

आता श्रोतेहो, १९२८ साली जरा थांबायला हवे.

त्या वर्षीचे पदक ‘गे-नेक : द स्टोरी ऑफ अ पिजन’ या पुस्तकाला मिळाले. लेखक धनगोपाल मुखर्जी. कलकत्त्याजवळ १८९० साली जन्मलेले हे बंगाली गृहस्थ. त्यांचे भाऊ जदुगोपाल मुखर्जी युगांतर या क्रांतिकारी संघटनेतले मोठे नाव. धनगोपाल तरुणपणी जपानमार्गे कॅलिफोर्नियात पोहोचले, मिळेल ते कष्टाचे काम करत आधी बर्कलीला आणि मग स्टॅनफर्डला शिकले, आणि इंग्रजीत लिहू लागले. मुलांसाठी त्यांनी हत्तीची गोष्ट लिहिली, जंगलातल्या मुलाची लिहिली आणि मग ही कबुतराची.

कबुतराचे मूळ नाव चित्रग्रीव, म्हणजे रंगीबेरंगी मानेचा. इंग्रजी वाचकासाठी ‘गे-नेक’ हे त्याचेच भाषांतर. मराठी घरांतल्या मुलांना चित्रग्रीव परका नाही. पंचतंत्रातल्या, हितोपदेशातल्या ज्या कबुतरांनी पारध्याचे जाळेच उचलून आकाशात झेप घेतली, त्यांच्या राजाचे नाव चित्रग्रीव. मुखर्जींनी ते नाव कलकत्त्याच्या गच्चीवरच्या एका पाळीव पिलाला दिले. पुस्तक सुरू होते ते घरट्यातल्या अंड्यांपासून. गोष्ट सांगणारा मुलगा घरटे साफ करायला जातो, नर कबूतर त्याच्यावर झडप घालते, आणि त्या झटापटीत एक अंडे मुलाच्या हातून निसटून फुटते. जे उरते त्यातून चित्रग्रीव बाहेर येतो. पुढे उडायला कचरणाऱ्या पिलाला बाप कठड्यावरून रेटत रेटत नेतो, शेवटी पाय घसरतो, आणि पडता पडता पंख आपोआप उघडतात. कबुतरे पाळणाऱ्याच्या घरात वाढलेल्यालाच असे लिहिता येते. इथे उपदेशाचे एक वाक्य नाही. अंडे फुटले याची टाचणी कुठल्याही बाजूला खोचलेली नाही. मुलाला वाईट वाटते, आणि गोष्ट पुढे जाते.

मग हिमालय, ससाणे, वादळे, लामांचा मठ. त्यानंतर पहिले महायुद्ध. हिंदुस्थानी फौजेबरोबर चित्रग्रीव फ्रान्सच्या आघाडीवर जातो, घोंड नावाच्या शिकाऱ्याच्या सोबतीने, निरोप पोहोचवायला. काही प्रकरणे चित्रग्रीव स्वतःच्या तोंडून सांगतो, म्हणून तोफांचा गडगडाट आणि आकाशातली यंत्रे वाचकाला एका पाखराच्या डोळ्यांनी दिसतात. तो निरोप पोहोचवतो आणि जिवंत परततो. पण परत आलेला चित्रग्रीव उडत नाही. जखमा भरल्या, पंख धड आहेत, तरी उडत नाही. त्याच्या आत भीती शिरली आहे. घोंडच्याही मनाची हीच गत आहे. दोघांना बरे करायला पुन्हा हिमालयातल्या मठात न्यावे लागते. युद्धावरून परतलेल्या माणसांच्या मनाला काय होते, याविषयी मोठ्यांच्या जगातही तेव्हा संकोचानेच बोलले जाई. मुखर्जींनी ते दहा-बारा वर्षांच्या मुलांना सांगितले, आणि पातळ न करता सांगितले.

हे पदक कोणत्या देशाने कोणाला दिले, तेही पाहिले पाहिजे. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानी लोकांना आपली दारे जवळजवळ बंद केली होती. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत नाही. ‘गे-नेक’ प्रसिद्ध झाले १९२७ साली. त्याच साली कॅथरीन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ अमेरिकेत गाजत होते आणि हिंदुस्थानची बदनामी घरोघरी पोहोचवत होते. मुखर्जींनी त्याला पुस्तक लिहून उत्तरही दिले. ज्याला नागरिक होता येत नाही, ज्याच्या देशाविषयी रोज वेडेवाकडे छापून येते, अशा माणसाचे पुस्तक ग्रंथालयांतल्या बायकांनी त्या वर्षीचे सर्वोत्तम म्हणून निवडले आणि देशभरच्या बालविभागांत मांडले. न्यायालयाला जे दिसले नाही ते त्यांना दिसले. हे त्यांचे मोठेपण नोंदवायलाच हवे.

मुखर्जींचा शेवट दुःखद झाला. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी स्वतःच आपले आयुष्य संपवले. भीतीतून बाहेर यायची वाट त्यांनी मुलांना इतक्या मायेने दाखवली होती. ती त्यांना स्वतःला सापडली नाही. पुस्तक मात्र आजही छापले जाते.

पण ग्रंथपालांच्या डोळ्यांना सगळेच दिसले का? नाही. ज्या ॲन कॅरल मूर यांनी मुलांसाठी दारे उघडली, त्यांनीच १९४५ साली ई. बी. व्हाइट यांचे ‘स्टुअर्ट लिटल’ प्रकाशित होऊ नये म्हणून लेखकाच्या घरी लांबलचक पत्र धाडले. माणसाच्या पोटी उंदरासारखे मूल जन्मते, ही कल्पना त्यांना सहन झाली नाही. मुलांसाठी काय चांगले हे आपल्याला कळते, अशी वर्षानुवर्षांच्या कामातून आलेली खात्री. ती खात्रीच कधी कधी आड येते.

आणि मग १९५३ सालचा निर्णय. व्हाइट यांचे ‘शार्लट्स वेब’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. विल्बर नावाचे डुकराचे पिल्लू आणि त्याला खाटकापासून वाचवण्यासाठी जाळ्यात शब्द विणणारी शार्लट ही कोळीण. त्या वर्षीचे पदक मिळाले ॲन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला. शार्लटची बोळवण उपविजेत्यांत झाली. (मूर यांना हेही पुस्तक फारसे रुचले नव्हते, पण समितीच्या निर्णयाशी त्यांचा संबंध जोडायचे कारण नाही.) क्लार्क यांचे पुस्तक वाईट नाही. न्यू मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले होते. पेरूच्या डोंगरदरीत लामा या जनावरांचा कळप राखणाऱ्या कूसी या मुलाची त्यांची कथा संथ, गंभीर आणि प्रामाणिक आहे. परदेशातल्या, गोऱ्यांहून वेगळ्या मुलाला मध्यभागी ठेवणारे पुस्तक समितीला मोलाचे वाटले असेल, तर त्यात चूक काय? चूक एवढीच, की त्याच कपाटात एक असे पुस्तक होते, ज्यात मृत्यू शेणामातीच्या वासासकट गोठ्यात येतो, मुलाच्या शेजारी बसतो, आणि तरीही पुस्तक संपल्यावर मूल ते पुन्हा पहिल्या पानापासून उघडते. शार्लट एकटी मरते. तिच्या शेवटच्या क्षणी जवळ कोणी नसते, हे व्हाइट सरळ सांगून टाकतात. सत्तर वर्षे मुलांनी ते वाचले, रडली, आणि धाकट्या भावंडांना वाचायला दिले. पदकाला जे मिळवून देता आले नसते, ते त्या पुस्तकाने पदकावाचून मिळवले. १९७१ पासून अशा उपविजेत्यांना ‘ऑनर बुक’ म्हणू लागले, जुन्या यादीतल्या पुस्तकांनाही तोच मान मिळाला, आणि ‘शार्लट्स वेब’च्या मुखपृष्ठावर निदान रुपेरी शिक्का आला.

याहून मोठी उणीव वेगळीच होती आणि ती एका वर्षाची नव्हती. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. पाच वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने चित्रांचे पुस्तक चाळताना विचारले होते, की यातली मुले नेहमी गोरीच का असतात? लॅरिक यांनी प्रश्न मनावर घेतला आणि मोजदाद केली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ पुस्तके. त्यांपैकी शब्दांत किंवा चित्रांत एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली ३४९. म्हणजे ६.७ टक्के. शंभरातली त्र्याण्णव पुस्तके उघडली, तर त्या मुलीसारखे कोणीच त्यांत नाही, गर्दीतसुद्धा नाही. ग्रंथपालांनी निवडायचे तरी कशातून? कपाटच अर्धे रिकामे होते. आणि ते रिकामे आहे हे त्यांनाही इतकी वर्षे खुपले नव्हते. १९६९ साली काही ग्रंथपालांनीच कृष्णवर्णीय लेखकांसाठी कोरेटा स्कॉट किंग पुरस्काराचा पाया घातला. न्यूबेरी पदक कृष्णवर्णीय लेखिकेला पहिल्यांदा मिळाले ते १९७५ साली, व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना. पदक सुरू होऊन त्रेपन्न वर्षे झाली होती.

दोनच वर्षांनी, १९७७ साली, मिल्ड्रेड टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ला पदक मिळाले. टेलर यांचा जन्म मिसिसिपीतला. वाढल्या ओहायोत, आणि गावाकडच्या गोष्टी त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकल्या. पुस्तक १९३३ सालच्या मिसिसिपीतले. लोगन कुटुंब स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर कापूस पिकवणारे, आणि ती जमीन हातची जाऊ नये म्हणून झगडणारे. गोष्ट सांगते नऊ वर्षांची कॅसी.

या पुस्तकातला पहिल्याच प्रकरणातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. शाळेचा पहिला दिवस. कॅसीचा धाकटा भाऊ, सगळे त्याला लिटल मॅन म्हणतात, वय सहा. स्वच्छतेचे त्याला वेड. धुळीच्या रस्त्यावरून येतानाही बुटांना डाग लागू न देणारा. बाई सांगतात, यंदा प्रत्येकाला पुस्तक मिळणार. मुले हरखतात. लिटल मॅनच्या हाती येते ते मळलेले, फाटलेले पुस्तक. तो दुसरे मागतो. दुसरे नाहीच. नाराजीने जागेवर बसून तो पुस्तक उघडतो, आतल्या पानावर छापलेला तक्ता वाचतो, आणि पुस्तक जमिनीवर आपटून त्यावर पाय आपटू लागतो. बाई छडी उगारतात. काय होते त्या तक्त्यात? पुस्तक कितव्या वेळी दिले, कोणत्या साली, त्याची अवस्था काय, आणि विद्यार्थ्याचा वंश कोणता. १९२२ पासून अकरा वेळा ते गोऱ्या मुलांना दिलेले. अवस्था हळूहळू खालावत गेलेली. अकरा वर्षांत गोऱ्या शाळेच्या कामाचे न उरलेले पुस्तक बाराव्या ओळीत काळ्या मुलांच्या शाळेत येते. तिथे वंशाच्या रकान्यात त्यांना हिणवणारा शब्द. सहा वर्षांच्या मुलाला वाचता येत होते म्हणूनच हे कळले.

त्याच शाळेत शिकवणारी त्याची आई काय करते? ती मुलाला रागावत नाही. कागद कापते, डिंक घेते आणि एकेका पुस्तकाच्या आतल्या तक्त्यावर कागद चिकटवून तो झाकून टाकते. दुसरी शिक्षिका हबकून पाहत राहते. सरकारी मालमत्ता खराब केली म्हणून पुढे हे कृत्य आईला भोवते. मुलाच्या हाती पुस्तक देण्याचा अर्थ या दोन पानांत जितका कळतो, तितका कुठल्या प्रबंधात कळणार नाही. आणि हे पुस्तक निवडणाऱ्या स्वतः पुस्तकांच्या आतल्या पानावर नोंदी करणाऱ्या होत्या, हे विसरता येत नाही.

पुढल्याच वर्षी कॅथरीन पॅटर्सन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’ला पदक मिळाले. पॅटर्सन यांच्या धाकट्या मुलाची, डेव्हिडची, आठ वर्षांची मैत्रीण वीज पडून गेली. मुलाला काही सांगता येईना आणि आईला त्याची समजूत घालता येईना. त्यातून हे पुस्तक झाले. जेस हा खेड्यातला गरीब मुलगा, लेस्ली ही शहरातून आलेली मुलगी, दोघांनी ओढ्यापलीकडच्या रानात रचलेले एक गुप्त राज्य, आणि दोरीला लोंबकळून ओढा ओलांडायची त्यांची रीत. एक दिवस जेस दुसरीकडे मजेत असताना दोरी तुटते. त्याने लेस्लीला सोबत न्यायला हवे होते, तो मुद्दाम विचारायचा राहिला, ही बोच पुस्तक लपवत नाही. तिच्यावर फुंकर घालायलाही धावत नाही. जेसला राग येतो, तो खोटे मानतो, धाकट्या बहिणीला फटका मारतो. दुःखात मुले जशी वागतात तसा तो वागतो.

याच पुस्तकावर किती पालक उठले! शाळेच्या कपाटातून काढा, मुलांना मरण कशाला दाखवता, तोंडी शिव्या कशाला, अशा तक्रारी येत राहिल्या. १९९० च्या दशकात अमेरिकेत सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत ते पहिल्या दहांत होते. १९९४ सालचे पदक मिळालेल्या लोइस लोरी यांच्या ‘द गिव्हर’वरही असेच आक्षेप आले. २००७ साली सुसन पॅट्रन यांच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुत्र्याच्या एका अवयवाचा शरीरशास्त्रातला शब्द आला, म्हणून काही शाळांच्या ग्रंथालयांनी पदक मिळालेले पुस्तक घेतले नाही. पॅट्रन स्वतः बालविभागाच्या ग्रंथपाल होत्या. म्हणजे एकाच घरातली माणसे दोन बाजूंना.

पदकाचे नियम स्पष्ट आहेत. लेखक अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असावा, पुस्तक आदल्या वर्षी अमेरिकेत निघालेले असावे, वाचक म्हणून चौदा वर्षांपर्यंतचे मूल डोळ्यांसमोर असावे. पंधरा जणांची समिती वर्षभर वाचते, बंद दाराआड चर्चा करते, बाहेर बोलत नाही, आणि जानेवारीच्या सुमारास निकाल जाहीर होतो. आणखी एक अट आहे आणि ती फार मोलाची आहे. पुस्तक लोकप्रिय आहे म्हणून पदक द्यायचे नाही, आणि ते चांगली शिकवण देते म्हणूनही द्यायचे नाही. ज्या न्यूबेरीने टाचण्या विकल्या, त्याच्याच नावाच्या पदकातून टाचणी काढून ठेवलेली आहे.

आपल्याकडे साहित्य अकादमी २०१० पासून २४ भाषांत बालसाहित्य पुरस्कार देते. ५० हजार रुपये आणि ताम्रपट. मराठीत २०११ साली तो दिलीप प्रभावळकरांच्या ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला, २०१४ साली माधुरी पुरंदरे यांना त्यांच्या एकूण बालसाहित्यासाठी. दोन्ही नावे मराठी मुलांच्या घरांत आधीपासून पोहोचलेली, ही समाधानाची बाब. मात्र इथे निवड साहित्यिक मंडळी करतात. बालवाचनालयाच्या खिडकीशी बसून रोज पुस्तके देणाऱ्या-घेणाऱ्या माणसाला त्या बैठकीत एक खुर्ची मिळाली, तर पुरस्काराचा फायदाच होईल. न्यूबेरीची यादी तिच्या चुकांसकट तेच सांगते.

गेल्या काही वर्षांत त्या यादीचे रूप झपाट्याने पालटले. २०१५ साली क्वामे अलेक्झांडर यांची कवितेत लिहिलेली कादंबरी, २०१६ साली चित्रपुस्तक, २०२० साली जेरी क्राफ्ट यांची ‘न्यू किड’ ही चित्रकादंबरी, पहिल्यांदाच. गोष्ट कोणत्या रूपात आली याची समितीला आता फिकीर उरलेली नाही.

आणि २०१९ साली मानाच्या, म्हणजे ‘ऑनर’ पुस्तकांत ‘द नाइट डायरी’ आले. लेखिका वीरा हिरानंदानी; त्यांच्या वडिलांचे कुटुंब फाळणीत सिंधमधल्या मीरपूर खासहून जोधपूरला आले. पुस्तकातली निशाही त्याच वाटेने येते. वडील हिंदू डॉक्टर, आई मुसलमान, आणि आई तिच्या जन्माच्या वेळीच गेलेली. ज्या यादीत धनगोपाल मुखर्जींचे कबूतर आले, तिच्यात एक्याण्णव वर्षांनी हिंदुस्थानातली हीही वाट उमटली. उल्हासनगरच्या छावणीत ज्यांच्या आज्या-आजोबांनी पहिली रात्र काढली, त्यांना ती वेगळी सांगायला नको.

निशा फारशी बोलत नाही. शाळेत तर जवळजवळ मुकीच असते. तिचे मन रमते ते स्वयंपाकघरात, घरच्या काझी या मुसलमान आचाऱ्याजवळ. १९४७ च्या जुलैत तिला बारा वर्षे पूर्ण होतात. त्या दिवशी काझी तिला एक वही देतो, आणि रात्री सगळे निजल्यावर निशा तिच्यात आईला पत्रे लिहू लागते. वही कोरी असते.